ऐकलेलं आणि सांगितलेलं

गेल्या डिसेंबरात कोल्हापूरहून धाकट्या भावाचा निरोप आला, 'ताई, येताना जे. सी. रोडवरनं जेट घेऊन ये. ११८ ते १३५, मधले सगळे.' मी बंगळुरात राहते, कन्नडमधून मराठीत भाषांतरं करते. घरी जाताना म्हैसूरपाक आणि कॉफीची पूड याखेरीज आजवर मी काही नेलेलं नव्हतं. जेट म्हणजे काय हे मला जे. सी. रोडवरच्या दुकानात कळलं. करंगळीच्या नखाएवढा पितळेचा स्क्रू, मधोमध सुईच्या टोकासारखं भोक. तो कार्ब्युरेटरच्या पोटात बसतो आणि इंजिनाला किती पेट्रोल मिळायचं ते त्या भोकावर ठरतं.

दुकानदारानं विचारलं, "मिकुनी की केहिन?" मी तिथूनच भावाला फोन लावला. मागे रहदारीचा गोंगाट होता.

"मिकुनी पाहिजे की केहिन?"

"हां, चालतंय."

"अरे, दोन्हीतलं कुठलं?"

"सगळेच आण की."

मी दोन्ही कंपन्यांचे घेतले. दुकानदारानं समजावून सांगितलं, की आकडा सारखा असला तरी जेट सारखं नसतं. केहिनचा आकडा भोकाच्या व्यासावरून पडतो, मिकुनीचा त्यातून किती पेट्रोल वाहतं त्यावरून. मला हे लगेच पटलं. कन्नडमध्ये 'अवसर' म्हणजे घाई आणि मराठीत अवसर म्हणजे संधी. पहिल्या भाषांतरात मी याच शब्दावर घसरले होते. फोनवरच्या त्या दोन उत्तरांचा मात्र मी काहीच अर्थ लावला नाही.

घरी पोचले तेव्हा अंगणात आरएक्स १३५ उघडीवाघडी उभी होती. आरएक्स १०० भारतात १९८५ साली आली, ही १३५ तिच्यानंतरची. २००५च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तशी तीही बंद झाली. भावानं विशीत तिची डर्ट बाइक केली होती. मडगार्ड उंच, गोळ्यागोळ्यांचे टायर, दिवे काढलेले. गावोगावच्या मैदानांवर डर्ट ट्रॅकच्या शर्यती व्हायच्या, तिथं तो ती पळवायचा. त्याच काळात मी कोलकात्यात तौलनिक साहित्यात एम.ए. करत होते. त्याची एकही शर्यत मी पाहिली नाही. खरं सांगायचं तर पाहण्यासारखं त्यात काही असेल असं मला वाटलंच नाही. २००४ साली भर वेगात इंजिन जाम झालं, मागचं चाक जागच्या जागी अडकलं आणि भावाच्या गळपट्टीचं हाड मोडलं. मला ते चार दिवसांनी फोनवर कळलं. गाडी पोत्यांखाली गेली ती वीस वर्षं तशीच राहिली.

आता माझा भाचा अठरा वर्षांचा झालाय. पोती त्यानंच उचलली. फेब्रुवारीत त्याला पहिली शर्यत खेळायची होती. भावानं आधी नाही म्हटलं, मग स्वतःच सिलिंडर काढून उद्यमनगरात नेला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लोखंड ओतण्यापासून ते केसाच्या जाडीएवढं कातण्यापर्यंत सगळं होतं. तिथं बोअर पाव मिलिमीटरनं वाढवून नवा पिस्टन बसवला, पोर्ट वर उचलले, त्यांच्या कडा घासून मऊ केल्या, नाहीतर रिंग त्यांत अडकते. कार्ब्युरेटर २८ मिलिमीटरचा केहिन. म्हणजे मी आणलेले निम्मे जेट निरुपयोगी होते. भाऊ खूप हसला, म्हणाला, "फोनवर सांगितलं असतंस तरी."

"विचारलं होतं मी," मी म्हटलं. तो काहीच बोलला नाही.

टू-स्ट्रोक इंजिन समजायला सोपं आहे, हा माझा पहिला शोध. त्यात वर उघडझाप करणारे व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीला खिडक्या असतात आणि खालीवर जाणारा पिस्टनच त्यांचं दार असतो. चार स्ट्रोकवालं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पेटतं, हे प्रत्येक फेरीला पेटतं. वंगणाचं तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं. त्यामुळे पेट्रोल कमी पडलं की दोन आपत्ती एकदम येतात, उष्णता वाढते आणि तेलही घटतं. याला गॅरेजात 'लीन' म्हणतात. जास्त झालं तर 'रिच'. रिच इंजिन धूर ओकतं आणि आळसतं, पण जगतं. लीन इंजिन मरतं.

जुळणी झाल्यावर लगेच गाडी पळवता येत नाही. पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडरचं अस्तर बिडाचं. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं आणि दोघांमध्ये जागा असते सुमारे ०.०५ मिलिमीटर. म्हणून पहिल्या दिवशी भावानं पुढ्यात टेबलफॅन लावून इंजिन सुरू केलं. सिलिंडरवरच्या पात्या हाताला चटका देऊ लागल्या की बंद. मग पूर्ण गार होईपर्यंत थांबायचं, तास-दीड तास. असं तीनदा. मधल्या वेळात आम्ही चहा प्यायचो आणि कितीतरी वर्षांनी निवांत बोलायचो. इंजिन गार झाल्यावर तो हेडचे नट पुन्हा आवळायचा.

दुसऱ्या दिवसापासून छोट्या हत्तीत गाडी घालून आम्ही गावाबाहेरच्या मुरमाड माळावर जायचो. गळीत हंगाम सुरू होता, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, हवेत मळीचा वास. पहिली टाकी संपेपर्यंतचे नियम भावानं मला सांगितले. एका वेगावर रेंगाळायचं नाही. पूर्ण रेस द्यायची नाही. वरच्या गियरमध्ये इंजिन कण्हेल असंही चालवायचं नाही. रेस वाढवायची, सोडायची, पुन्हा वाढवायची. होनिंगच्या तिरप्या ओरखड्यांवर घासून रिंग त्या सिलिंडरच्या आकाराची होते. फार जपून चालवलं तर ओरखडे नुसतेच गुळगुळीत होतात आणि रिंग कधीच बसत नाही. "लाडानंबी बिघडतंय," तो म्हणाला.

या टाकीसाठी तेल जास्त, लिटरला ४० मिलिलिटर, म्हणजे पंचविसास एक. मला वाटलं, तेल जास्त म्हणजे मिश्रण रिच. उलट आहे. त्याच भोकातून तेल जास्त गेलं तर पेट्रोल तेवढं कमी जातं, म्हणजे मिश्रण किंचित लीन होतं. म्हणून भावानं सुरुवात सगळ्यात मोठ्या, १३५च्या जेटनं केली. पुढे तेल बत्तिसास एकवर, लिटरला ३१ मिलिलिटरवर आणलं आणि त्यानंतरच जेट ठरवायला घेतलं.

त्याच्याकडे एक जुनी वही होती, २००२ ते २००४ची. तारीख, मैदान, हवा कशी होती, जेट, सुईची खाच, प्लगचा रंग. बहुतेक पानांवर मुख्य जेट ११८. मी म्हटलं, उत्तर तर इथंच लिहिलंय. तो म्हणाला, "ते पेट्रोल कुठाय आता?" त्याचं खरं होतं. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल स्वतःबरोबर ऑक्सिजन घेऊन येतं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळायला वजनानं सुमारे १४.७ भाग हवा लागते, या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त द्यायला हवं, जेटचं भोक मोठं हवं. जुना आकडा तसाच उचलला तर इंजिन लीन. आणि हे इथेनॉल येतं कुठून, तर बरंचसं उसापासून. ज्या ट्रॉल्यांमागे आम्ही अडकत होतो त्याच एक दिवस या कार्ब्युरेटरात उतरणार होत्या. वीस वर्षांपूर्वी केलेलं भाषांतर मी आज वाचते तेव्हा शब्द तेच असतात, पण ते ज्या हवेत लिहिले ती निघून गेलेली असते. वही वाचताना मला तसंच वाटलं.

वहीच्या मागच्या पानांत एक घडी घातलेला कागद होता. दवाखान्याचा, २०१९चा. आलेखावर दोन रेषा, डाव्या आणि उजव्या कानाच्या. डावीकडून सरळ चालत येऊन ४००० हर्ट्झच्या आसपास दोन्ही कड्यावरून पडल्यासारख्या खाली गेलेल्या.

मी तो त्याच्यापुढे धरला. तो आधी चिडला, मग दारात जाऊन बसला. सततच्या मोठ्या आवाजानं कान जातात तेव्हा आधी वरच्या पट्टीचे सूर जातात. गडगडाट ऐकू येतो, झांज नाही. बोलण्यातले स, श, फ, थ पुसट होतात. माणूस अंदाजानं उत्तरं देऊ लागतो. हां, चालतंय. सगळेच आण. मला जे. सी. रोड आठवला.

"इंजिन बुडबुडतंय ते कळतंय मला," तो म्हणाला. "वर गेल्यावर काय होतंय ते कळत न्हाई. पोराला सांगू नकोस."

म्हणून त्यानं मला मदतीला घेतलं होतं. जेट आणायला सांगणं हे निमित्त होतं.

रिच टू-स्ट्रोक प्रत्येक फेरीला पेटत नाही, एकाआड एक पेटतं, त्यामुळे आवाज बुडबुडा येतो. जेट लहान करत गेलं की बुडबुड वर सरकते आणि एका टप्प्यावर आवाज एकसंध, साफ होतो. त्याच्या पुढे गेलं तर आवाज कोरडा, पातळ, वर चढल्यासारखा. ते लीन. अडचण अशी, की मरण्याच्या जरा अलीकडे टू-स्ट्रोक सगळ्यात गोड वाजतं आणि सगळ्यात चांगलं पळतं. आपल्याला काय गोड लागतं यावर विसंबून चालत नाही.

भाऊ गाडीवर, मी माळाच्या मधोमध. खुणा ठरवल्या. तळहात खाली म्हणजे बुडबुड. मूठ म्हणजे साफ. हात वर म्हणजे थांब. १३५ला तर आंधळ्यालाही कळलं असतं, इतका धूर. १३०ला वरच्या टोकाला थोडी बुडबुड. १२८ला मी मूठ दाखवली. १२५लाही मूठ. प्रत्येक वेळी तो येऊन विचारायचा, "काय वाजालंय सांग." मी शब्द शोधायची. ओल्या पायांनी फरशीवर चालल्यासारखं. कापड फाडल्यासारखं. तो हसायचा, पण समजायचा.

१२२ बसवलं. भाऊ समोरून गेला आणि गाडी कधी नव्हे इतकी सुटली. आवाज सुंदर होता. अगदी टोकाला, रेस सोडण्याच्या आधी, त्यात काहीतरी बारीक मिसळलं, काचेच्या बरणीत खडे हलवावेत तसं. अर्धा सेकंद. भाऊ वळून आला. हेल्मेटची काच वर केली तेव्हा त्याचा चेहरा मला एकदम एकवीस वर्षांचा दिसला. ११८च्या जवळ येत होतो आम्ही.

"साफ?" त्यानं विचारलं.

मी मूठ दाखवली.

त्या अर्ध्या सेकंदासाठी माझ्याकडे शब्द नव्हता, हे खरं. पण शब्द नव्हता म्हणून मी गप्प राहिले, हे खरं नाही. त्याला काय ऐकायचंय ते मला ठाऊक होतं आणि मी ते दिलं. कामात हे मी अनेकदा केलंय. मूळ वाक्य खडबडीत असतं, कळत नाही, तेव्हा मराठीत एक गुळगुळीत वाक्य बसवायचं. वाचणारा अडखळत नाही. कुणी मरतही नाही.

भाऊ पुन्हा गेला, या वेळी प्लग बघायला. वरच्या गियरमध्ये पूर्ण रेस, मग क्लच दाबून त्याच क्षणी इंजिन बंद, म्हणजे प्लगवर त्या रेसचाच रंग राहतो. प्लग काढून त्यानं भिंग लावलं. आजच्या पेट्रोलवर रंग फिकाच पडतो, पण हा फिका नव्हता, पांढरा होता. आणि पांढऱ्यावर मिठाच्या कणांपेक्षा बारीक, चमकणारे ठिपके.

"हे पिस्टनचं ॲल्युमिनियम," तो शांतपणे म्हणाला. "आत ठोके पडालेत. ऐकू आलं न्हाई तुला?"

सायलेन्सर उतरवून त्यानं खिडकीतून आत बॅटरी मारली. पिस्टनवर एक उभी, पुसट रेघ होती. रविवारी याच गाडीवर त्याचा मुलगा बसणार होता.

"आलं होतं," मी म्हटलं.

तो ओरडेल असं वाटलं होतं. तो बराच वेळ प्लग फडक्यानं पुसत राहिला. मग म्हणाला, "मीबी तेच केलं होतं गं." २००४च्या त्या सकाळी थंडी होती. थंड हवा दाट असते. १५ अंशांची सकाळ आणि ३२ अंशांची दुपार यांत हवेच्या घनतेचा सुमारे ६ टक्के फरक पडतो. आदल्या दुपारी बरोबर बसलेलं जेट सकाळी लीन झालं होतं. तेव्हा त्याचे कान धड होते. पहिल्याच फेरीत ते खडे वाजलेले त्यानं ऐकले होते, पण गाडी इतकी छान पळत होती की त्यानं ऐकलं नाही असं ठरवलं.

त्या रात्री झोप येईना म्हणून मी टू-स्ट्रोकचा इतिहास वाचत बसले. या गाडीचा फुगीर सायलेन्सर, एक्स्पान्शन चेंबर, आतून आवाजाच्या लाटेवर चालतो. खिडकीतून निसटलेलं ताजं मिश्रण लाट परत येऊन आत ढकलते. १९५०च्या दशकात पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीत वॉल्टर काडेन यांनी हे शास्त्र शर्यतीच्या गाड्यांत मुरवलं. १९६१ साली त्यांचा स्वार एर्न्स्ट डेगनर स्वीडनमधल्या शर्यतीच्या वेळी पश्चिमेकडे पळून गेला आणि ते ज्ञान घेऊन सुझुकीकडे पोचला. पुढच्याच वर्षी ५० सीसी गटाचं जागतिक विजेतेपद त्यानं सुझुकीवर मिळवलं. तौलनिक साहित्याच्या वर्गात आम्ही कल्पना देशोदेशी कशा जातात ते शिकायचो, ग्रंथांमधून, प्रवाशांमधून. माझ्या भावाच्या अंगणातला पत्र्याचा फुगाही असाच कुठून कुठून आला होता, हे तेव्हा मला कुणी सांगितलं असतं तर मी एखादी शर्यत पाहिली असती का, कोण जाणे.

सकाळी १२८ बसवलं. मी ठरवलं होतं, कळलं नाही तर मूठ दाखवायची नाही. भाऊ गेला, आला. मी दोन्ही हात पसरले, ही आमच्या खुणांत नव्हती.

"कळलं नाही. परत एकदा जा."

तो परत गेला. असं चार वेळा. पाचव्या वेळी मी सांगितलं, मधे साफ आहे, टोकाला किंचित जाड आहे, खडे नाहीत. प्लग भिंगाखाली तांबूस-तपकिरी, कोरडा. भावानं वहीत लिहिलं, १२८. शेजारी तापमान, तेलाचं प्रमाण आणि 'इथेनॉल २०'.

पण मी सोमवारी बंगळुराला परतणार होते. शर्यत आणखी तीन आठवड्यांनी. तेव्हा थंडी ओसरलेली असेल, मैदान दुसरं असेल. आकडा वहीत होता, तरी तो त्या सकाळचाच होता. निघायच्या आदल्या रात्री जेवताना भावानं पानाकडे बघत मुलाला सांगितलं, "मला वरचं ऐकू येत न्हाई. पाच-सहा वर्षं झाली. गाडी तुला ऐकावी लागणार." भाच्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. भावजय म्हणाली, "आम्हाला म्हाईत आहे की. टीव्हीचा आवाज कोण वाढवतंय?" पोरगं हसलं. भाऊ हसला नाही, पण त्यानं आणखी एक भाकरी घेतली.

शर्यतीच्या आधीच्या रविवारी दुपारी भाच्याचा फोन आला. माळावरूनच. "आत्या, ऐक हां," म्हणून त्यानं फोन उंच धरला. भाऊ गाडी घेऊन गेला असणार. मला ऐकू आली ती नुसती खरखर. फोनचा माइक एवढ्या मोठ्या आवाजाला चपटा करून टाकतो, त्यात साफ काय आणि लीन काय.

"फोनवर नाही कळत रे," मी म्हटलं. "तुला काय ऐकू आलं ते सांग."

तो थांबला. "खाली बरोबर आहे. वर... वर जरा..." पुन्हा थांबला.

मी शब्द सुचवणार होते. सुचवला नाही.

"कळलं नाही नीट," तो म्हणाला. "थांब, बाबांना परत एकदा जायला सांगतो."